सही माझी नव्हती

धाकट्या लेकाचा पांढरा सदरा फळीवर पसरून म्हातारी कॉलरवर इस्त्री फिरवत होती. समोर धाकटा येरझाऱ्या घालत तालीम करत होता. संध्याकाळी रेडिओवर उमेदवारांचा वाद होता, त्यात तोही होता. त्याचा पक्ष एवढासा, सगळे एका टेम्पोत मावतील. आवाज मात्र दहा टेम्पोंचा.

"सरकारने कर्ज काढताना मला विचारलं? माझ्या लेकीला विचारलं? ती तर जन्मलीही नव्हती! मग फेडायचं आम्ही का? बुडवा ते कर्ज! एकदा बुडालं की सरकारला पुन्हा कुणी उसनं देणार नाही. बसेल गप!"

म्हातारीने खळीच्या डब्याकडे पाहिलं.

त्याखाली तिचे सरकारी रोखे होते. लोकांच्या चादरी धुऊन धुऊन जमवलेली सगळी पुंजी तिने सरकारला उसनी दिली होती. पुढच्या वर्षी मुदत भरली की लाँड्रीची ही खोली मालकाकडून विकत घ्यायची. त्याने तोवर थांबायचा शब्द दिला होता, एक दिवस जास्त नाही. पैसे आले नाहीत तर बॉयलर, इस्त्र्या आणि सून-नातीसकट सगळं रस्त्यावर. धाकट्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. स्वतःच्याच घरात फुकटचं व्याख्यान कोण ओढवून घेईल?

"आई, तू विरोधक हो," तो म्हणाला. "तुझ्यासारखी जीभ त्यांच्यात कुणाला नाही. काहीतरी झोंबणारं विचार."

"मला नको ओढूस त्यात. चौथीत शाळा सुटली माझी."

"घाबरलीस?"

"घाबरते माझी चप्पल!" ती बोलून गेली. मग विचारावंच लागलं. "सरकारला पैसे काय आभाळातून पडले? एखाद्या बाईने पोटाला चिमटा काढून दिले असतील. तिने काय करायचं?"

घड्या घालणारी सून थांबली. धाकट्याने मात्र टाळी वाजवली.

"भारी प्रश्न! आणि उत्तर तुझंच आहे. बाबा गेले, पत्त्यांत उडवलेले उसने पैसे मागायला माणसं दारात आली. मी तुझ्यामागे लपलो होतो. तू म्हणालीस, सही माझी नव्हती. ज्याला दिलेत त्याच्याकडे मागा, देताना डोळे उघडे ठेवायचे होते. आई, माझं सगळं राजकारण त्या दारात सुरू झालं!"

ही गोष्ट म्हातारी आजवर मिरवत सांगत आली होती. त्या माणसांत एक न्हावी होता. तो भांडला नाही, नुसता उंबऱ्याकडे बघत राहिला. आज प्रथमच तिला त्याचा चेहरा नीट दिसला. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

तिने डबा सरकवला, रोखे काढले आणि सदऱ्याच्या खिशात कोंबले.

"हे काय?"

"वाच. शिकलायस ना?"

वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "आई... तू? सरकारला?"

"हो, मी. ही खोली घ्यायला. आता जा, आणि हे छातीवर ठेवून बोल काय बोलायचं ते."

रोखे परत खिशात घालून, सदरा चढवून तो गेला.

संध्याकाळी दोघी रेडिओपाशी बसल्या. दुसऱ्या उमेदवाराने नेमका तोच प्रश्न विचारला: ज्यांनी घामाचे पैसे दिले त्यांचं काय? रेडिओ बंद पडला वाटून सुनेने त्याला चापटी मारली.

मग धाकट्याचा आवाज आला. "माझ्या आईनेही दिलेत. तिचे रोखे आत्ता माझ्या खिशात आहेत. आणि तरीही..."

म्हातारीने खटकन बटण फिरवून रेडिओ बंद केला.

"अहो आई, पुढचं ऐकू तरी द्या!"

"काय ऐकायचंय त्यात?" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझंच पोर आहे ते. उद्या मालकाकडे जाऊन ये. म्हणावं, थोडं आणखी थांबता का."

आयुष्यात तिने याआधी कुणाला पैशांसाठी थांबा म्हटलं नव्हतं.