सावलीसाठी बसलेली माणसं

ताई गेली ती भर दुपारी, स्वतःच्या पलंगावर. चौथा मजला, वर उघडी गच्ची, आणि कित्येक दिवसांत वाऱ्याची झुळूक म्हणून नाही. भावजी खाली औषध आणायला गेले होते. परत आले तेव्हा पंखा गरगरत होता आणि ताईचं अंग भिंतीइतकंच तापलेलं होतं. डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं.

"हृदय शेवटी सगळ्यांचंच बंद पडतं," धाकटी बहीण त्यांना म्हणाली. "कशानं पडलं ते लिहा की."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

ही धाकटी बहीण त्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. उभा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला, निवृत्त झाली, तरी गल्लीला ती कंडक्टरबाईच. आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला खोकली तर त्या टोकाला दार उघडावं.

ताईची लेक हवामान खात्यात, दुसऱ्या शहरात. आईला पोचवायला आली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, उन्हाळे आता असेच येणार. याहून वाईट येणार. सगळं जगच तापतंय. पण आपल्या गल्लीनं स्वतःहून निखारे ओढून घेतलेत. झाडं काढून गाड्या लावल्या, गच्च्यांवर काळं डांबर फासलं."

"मग करायचं काय?"

"एकट्यानं होण्यासारखं नाही गं."

हे वाक्य कंडक्टरबाईच्या डोक्यात रुतलं. ती दारोदार फिरायला लागली. कुणी चहा दिला, कुणी दार किलकिलं ठेवूनच बोललं. तळमजल्यावरचेच शेजारी वकील म्हणाले, "अहो, कारखाने धूर सोडतायत, विमानं उडतायत, आणि आपण चार माणसांनी काय होणार?"

"बसमध्ये प्रत्येक जण हेच म्हणायचा, वकीलसाहेब. मी एकटा सरकून काय होणार? पण एक सरकला की मागचा सरकतो."

"आणि नाही सरकला तर?"

"तर मी ढकलायची."

वकील हसले आणि सामील झाले. कोपऱ्यावरचा केमिस्ट तर पहिल्या दिवसापासून उजवा हात झाला. गोड बोलायचा, सगळ्यांचे फोन नंबर त्याच्याकडे, कुणाच्या घरी कोण आजारी हेही त्यालाच ठाऊक. त्याच उन्हाळ्यात नगरपालिकेनं रस्ता रुंद करायला गल्लीतली उरलेली तीन झाडं तोडायचं काढलं. मजूर करवत घेऊन आले तेव्हा झाडाखाली खुर्च्या मांडून अख्खी गल्ली बसली होती. म्हाताऱ्या, तान्ही पोरं, दुपारपाळीला दांडी मारलेले लोक. भावजीसुद्धा बसले, मांडीवर ताईचा फोटो घेऊन. कंडक्टरबाईनं नगरपालिकेच्या साहेबांना ठणकावून सांगितलं, "आधी आम्हाला तोडा." साहेबांनी फोन केला, घाम पुसला आणि गाडी परत नेली.

त्या संध्याकाळी केमिस्टनं सगळ्यांना सरबत पाजलं. बाई घरी येऊन एकटीच रडली. ताई गेल्यावर पहिल्यांदाच.

मग तिनं पुढचं बोलायला घेतलं: गच्च्यांना पांढरा रंग द्यायचा, रस्त्याकडेनं नवी झाडं लावायची, बंद केलेली बससेवा परत मागायची म्हणजे गाड्या कमी होतील. लोक मान डोलवायचे. रंग द्यायच्या रविवारी गच्चीवर भावजी आणि ती, दोघंच. वकिलांनी जिन्यातून विचारलं, "जमतंय ना?" आणि खाली गेले.

पुढचा उन्हाळा तोंडावर आला तशी केमिस्टनं बैठक बोलावली. गच्ची फुलून गेली. बाईला वाटलं, आली माणसं ताळ्यावर. पण केमिस्टच्या शेजारी एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस उभा होता, एसीच्या दुकानाचा.

"बाईंनी आपल्याला एकजूट शिकवली," केमिस्ट म्हणाला. "आता तिचा उपयोग करू. सगळ्यांनी मिळून घेतले तर निम्म्या भावात मिळतायत!"

टाळ्या पडल्या. झाडं वाचली तेव्हाही इतक्या पडल्या नव्हत्या.

"अरे, घरातली गरमी गल्लीतच फेकणार ना ती यंत्रं?" बाई ओरडली. "ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचं?"

"बाई, ताईंच्या खोलीत एसी असता तर?" केमिस्टनं हळूच विचारलं. दुकानदारानं नोंदणीची वही उघडली.

भिंतीभिंतीवर एसीचे डबे लटकले. गल्लीतून चालताना जनावराच्या श्वासासारखी गरम हवा अंगावर यायची. मग तारा जळायला लागल्या, वीज जायला लागली. वीज मंडळ म्हणालं, मोठा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल. जागा एकच, झाडांची. रहिवाशांची संमती हवी. केमिस्टनं दोन संध्याकाळींत सगळ्या सह्या गोळा केल्या. कुणाचं दार कसं उघडतं हे बाईच्या मागे फिरून त्याला आता पाठ झालं होतं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," बाई त्याच्या तोंडावर म्हणाली.

"लोकांना हवं तेच करतोय, बाई. तुम्ही तरी वेगळं काय केलंत?"

ती चौथ्या मजल्यावर गेली. भावजींनी तिला आत घेतलं आणि दार चटकन लोटून घेतलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. ताईच्या पलंगाच्या वर, भिंतीवर, नवं पांढरं यंत्र.

"तुम्हीही सही केलीत?"

"केली."

"भावजी, त्या झाडाखाली ताईचा फोटो घेऊन बसला होतात तुम्ही."

भावजी पलंगाच्या कडेवर टेकले. "लेक म्हणाली होती, ताई जायच्या आधीच्या वर्षी. बाबा, आईच्या खोलीत एसी लावा. मी म्हटलं, कशाला उगीच, पंखा आहे की. तू मला झाडाखाली बसवलंस, बसलो. पण झाडाला मोठं व्हायला किती वर्षं लागतात गं? ती तर त्या एका दुपारीच गेली."

ती जिना उतरून खाली आली.

झाडं सकाळीच पडली. या वेळी खाली कुणी बसलं नव्हतं. लोकांनी आपल्या गाड्या मात्र वेळेवर हलवल्या होत्या. भाचीचा फोन आला, तेव्हा बाईनं झाडं गेल्याचं सांगितलं.

मे महिन्यात बाईची खोली राहण्यासारखी उरली नाही. खिडकीसमोर वकिलांचं यंत्र, वर आणखी तीन. खिडकी उघडली तर भट्टी, बंद केली तर घुसमट. एका दुपारी चक्कर येऊन ती मोरीच्या दारात बसली. मग उठून, कठड्याला धरून चौथ्या मजल्यावर गेली.

भावजींनी दार उघडलं. पलंगावरची उशी सारखी केली. ती ताईच्या जागी आडवी झाली, भिंतीकडे तोंड करून. आपल्याला झोप लागू नये असं तिला फार वाटत होतं. पण खोली गार होती, आणि कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.