खोट्या चढाची ट्रेडमिल

मित्रांनो, मी एक जुनी ट्रेडमिल आहे. नाक मुरडू नका. घरोघरी ज्यांच्यावर टॉवेल वाळतात, त्या माझ्या दूरच्या बहिणी. मी डोंगरात वसलेल्या ला पास शहराच्या विद्यापीठात जन्मले. माझ्यासमोर भिंतभर पडदा आहे, त्यावर रस्ता दिसतो. मागून माझा लोखंडी हात येतो आणि चालणाऱ्याचा कमरपट्टा धरतो. पडद्यावर चढ आला की मी मागे ओढते, उतार आला की हळूच पुढे ढकलते. माझा पट्टा मात्र सपाटच असतो. सपाट जागी माणसाला धाप लावणे, एवढेच माझे शिक्षण.

दाराबाहेर पाऊल टाकताच जिथे फुकट चढ मिळतो, त्या शहरात खोटा चढ बनवायला विद्वानांची बरीच वर्षे गेली. उद्घाटनाला भाषणे झाली, तिथल्या रिवाजाप्रमाणे माझ्यावर रंगीत कागद उधळले, चाकांवर बिअर शिंपडली. मग सगळे मला विसरले. माझ्या हातावर कोट लटकू लागले. मला जोर अचूक कळतो, म्हणून सांगते, प्राध्यापकांचे कोट फार जड असतात.

अशात दोन्या बासिलिया, म्हणजे आपल्याकडच्या बासिलियाबाई, आल्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय जेमतेम सावरला होता. मुलगा रुबेन दूर सांता क्रूसला, सपाट मुलखात राहायचा. त्याने बजावले होते, कार्निव्हलच्या सणापर्यंत आईला स्वतःच्या गल्लीचा चढ चढता आला नाही, तर घर विकून तो तिला घेऊन जाणार.

इंजिनिअर आदेमारने त्याच गल्लीचे फोटो काढले. रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून त्यातली माणसे पुसली आणि गल्ली पडद्यावर उभी केली. मी इमानाने ओढले. दोन्या बासिलिया निम्म्यावर यायच्या, गुडघा वाकायचा आणि मी त्यांना कमरेशी सावरून धरायची. दमलात की थांबा, असे आदेमार रोज सांगे. त्या थांबत नसत. त्याने माझेच नट पिळून पाहिले. तिकडे रुबेनने घराला गिऱ्हाईकही शोधले.

शेवटी आदेमार वैतागला. "आजी, थांबायला काय होतं तुम्हाला?"

"भर चढावर उगाच थांबलं की लोक म्हणतात, म्हातारी संपली."

"इथे कुठे आहेत लोक?"

"तू आहेस ना."

"मग गल्लीत थांबत नव्हता?"

"छे. फेलिसाचे पाव बघायचे. रोज."

दुसऱ्या दिवशी आदेमारने फोटोतून पुसलेली पाववाली फेलिसा टोपलीसकट परत बसवली. दोन्या बासिलिया तिच्यापुढे उभ्या राहिल्या. पाव शिळे दिसतात, असे त्यांनी तिला सुनावले. सुनावणे लांबले तशी मी ओढ सैल केली. त्यांचा श्वास जागेवर आला आणि पहिल्यांदाच त्या गल्लीच्या टोकाला पोहोचल्या.

पुढचे मी पाहिले नाही, आदेमारने येऊन सांगितले. कार्निव्हलला त्या खरा चढ चढल्या. रुबेन बरोबर होता. फेलिसापाशी त्याने विचारले, आई, दमलीस का?

"पाव बघतेय. दिसत नाही?"

सपाट मुलखात राहून रुबेनचीच छाती भात्यासारखी हलत होती. मग तोही बराच वेळ पाव बघत राहिला. घर विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मित्रांनो, माझ्या सांध्यांना तेल घातलेत तर बरेच होईल. पण खरे मागणे वेगळे आहे. चढावर एखादे म्हातारे माणूस तुम्हाला अडवून हवापाण्याच्या गप्पा मारू लागले, तर घड्याळ पाहू नका. उत्तर द्या. आणि जरा लांबवा.