रानडुकराचा आवाज

ट्रकएवढं डुक्कर खातं काय, हा प्रश्न त्या सिनेमात कुणालाच पडला नव्हता. गिलगुंडाच्या आमच्या माळावर एक गाय वर्षभर जगवायला शंभर एकर लागतात, तेही पाऊस झाला तर. तसलं जनावर इथे जन्मलं असतं तर पंधरवड्यात उपाशी मेलं असतं. माणसं फाडण्याइतकं त्राणच त्याच्या अंगात उरलं नसतं. पण सिडनीहून आलेल्या दिग्दर्शक रूपर्टला त्राणाशी कर्तव्य नव्हतं. त्याच्या कथेत चार तरुण पाण्याची एक बाटलीही न घेता बंद पडलेली गाडी सोडून चालू लागत, आणि तरीही त्यांना मारायला डुक्कर लागे. आमच्याकडे अशांना ऊनच पुरतं, दुपार कलायच्या आत.

हा तिरस्कार मी कधी बोलून दाखवला नाही. मी बोलत नाही, ऐकतो. सव्वीस वर्षांच्या आयुष्यातली माझी खरी मिळकत म्हणजे टिपून ठेवलेले आवाज: नदीच्या कोरड्या पात्रात झाडांवरून सुटणारी साल, तारेच्या कुंपणातून गाळून जाणारा वारा, पवनचक्कीचं म्हाताऱ्यासारखं कुरकुरणं. आमच्या कुरणावर सहा आठवडे चित्रीकरण चाललं होतं. त्यात एकदा रूपर्टने हे आवाज ऐकले.

"डुकराला आवाज दे, रीस," तो म्हणाला. "जमलं तर माझ्या सिडनीच्या स्टुडिओत तुझी जागा पक्की."

मला ती जागा हवी होती. चारही दिशांना सारखंच असलेलं क्षितिज बघत म्हातारं होण्याची मला भीती वाटे, आणि ती भीती कुठल्याही डुकरापेक्षा मोठी होती.

आधी मी त्याला खरं रानडुक्कर ऐकवलं: सुळ्यावर सुळा आपटल्याची बारीक टकटक, एक फुत्कार, आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' ज्याने पाणथळीच्या झुडपात एकदा ऐकलं, तो पुन्हा त्या वाटेने एकटा जात नाही.

"हे काय? कपबशीचा आवाज?" रूपर्ट म्हणाला. "मला गर्जना पाहिजे!"

"डुक्कर गर्जत नाही."

"माझं गर्जतं."

त्याच आठवड्यात आमच्याकडे वासरं दुधापासून तोडली. वासरं आतल्या गोठणात, आया कुंपणाबाहेर. तीन दिवस त्या हंबरत राहतात, घसा बसेपर्यंत. तिसऱ्या दिवशी एका गाईचा फाटलेला आवाज मी टिपला आणि त्याची गती निम्म्यावर आणली. रूपर्ट खुर्चीतून उडालाच. "हेच! हेच ते जनावर!"

त्याची माणसं परत निघायच्या आदल्या दिवशी, आभार म्हणून, त्याने सिनेमाची जोडून झालेली वीस मिनिटं आम्हा सगळ्यांना दाखवली. ट्रॅक्टरच्या शेडला ताडपत्र्या लावून अंधार केला. वर पत्रा, पत्र्यावर भर दुपार. गुराखी आले, त्यांच्या बायका आल्या, कुरणाचा कारभार एकटीने ओढणारी माझी आई नोला आली, आणि साठ वर्षं इथली गुरं राखलेले, साऱ्या मुलखाचे अंकल क्लॅरी पुढच्या बाकावर बसले.

पडद्यावर चार दिवस वाट चुकलेली नायिका नुकतेच धुतलेले केस मागे सारत होती. झाडांआडून डुक्कर आलं. जबडा उघडला. गर्जना झाली.

 पुढच्या बाकावरून अंकल क्लॅरींचा आवाज आला, "अरे, हिचं वासरू कुठंय? द्या रे हिला कुणीतरी!"

शेड हशाने फुटली.

"नोला, ही तर आपली लाल कानाची! गेल्या वर्षीपण हिनंच डोकं उठवलेलं."

"आधी धार काढा तिची! सड तटतटलेत, म्हणून माणसं खातेय बिचारी!"

त्यानंतर डुक्कर दिसलं की कुणीतरी मायेने "ये गं बाई, ये" म्हणे, आणि नायिकेच्या किंकाळ्या कुणालाच ऐकू येत नसत.

दिवे लागले तेव्हा रूपर्टचा चेहरा लालबुंद होता. मला कोपऱ्यात घेऊन तो म्हणाला, "सकाळपर्यंत सिंहाची गर्जना घाल. नाहीतर विमानातली तुझी खुर्ची रिकामी जाईल."

डुकराच्या तोंडी सिंह. हा सिनेमा कुठल्याही आवाजाच्या लायकीचा नाही, हे सांगण्याची ती वेळ होती. मी म्हणालो, "बदलू नकोस. सिडनीत कुणी गाय ऐकलीय? तिकडे घाबरतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसू लागला. "खरंय की रे! त्यांना दूध खोक्यातून येतं, एवढंच ठाऊक." त्या हसण्यातली तुच्छता मी ओळखली, कारण ती माझीच होती. तीच मला त्याच्यापासून वेगळं ठेवते, अशी माझी समजूत होती.

आई ताडपत्री काढत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे इथं ज्याचं हसं झालं, ते तिकडं खपेल. म्हणून चाललास?"

"आई, मला जायचंय."

"जा की. अडवलंय कुणी? पण हा सिनेमा भिकार आहे, असं सहा आठवडे तुझ्या थोबाडावर लिहिलं होतं. म्हटलं, एकदा तरी बोलेल हा."

मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं. आम्ही ती घडी घालत, एकमेकांच्या जवळ येत गेलो. शेवटची घडी तिने माझ्या हातातून काढून घेतली.

सकाळी सहा खुर्च्यांचं विमान मातीच्या धावपट्टीवरून उठलं. वरून आमचं कुरण प्रथमच पाहिलं. कुंपणं, पाणथळी, गुरांच्या वाटा मला दिसत होत्या. परक्याला तिथे नुसतं रिकामपण दिसलं असतं, आणि ते भरायला त्याने एखादं अजस्र जनावर आणून ठेवलं असतं. शेजारच्या खुर्चीत रूपर्ट वहीत काही रेखाटत होता. त्याने ती माझ्यापुढे धरली.

"पुढचा सिनेमा. झाडापेक्षा उंच एमू. एका चोचीत माणसाचे दोन तुकडे. कसा वाटतो?"

भिकार, मी मनात म्हणालो.

"आवाज कसा हवा?" मी विचारलं.