धुराची माफी

मधुरिमा बोलायला उभी राहिली की आता घरातली माणसं खरोखर हातातलं काम थांबवायची. मागच्या वर्षापर्यंत हीच पोरगी वर्गात हजेरी द्यायची वेळ आली की शेजारणीला कोपरानं ढोसायची, तूच सांग ना, मी आलीये म्हणून. यंदा दहावीत गेली, शाळेच्या वादविवाद स्पर्धेत मोठ्या वर्गातल्या पोरांना तिनं घाम फोडला, आणि तेव्हापासून तिचा आवाज जो चढला तो उतरायचं नावच घेईना.

त्या रविवारी तर तिला पूर्ण रान मोकळं मिळालं होतं. चहा झाला होता, ताटलीत शेव होती, आणि पप्पांच्या मोबाइलवर नॉर्वेल कंपनीचा मेसेज होता. घरासमोर सात वर्षं उभी असलेली त्यांची डिझेल गाडी कंपनीनं परत बोलावली होती. तिच्यासारख्या सगळ्याच बोलावल्या होत्या. कंपनीची चोरी आधी परदेशात पकडली गेली, मग इथे. आता दोन रस्ते होते. एक, गाडी फुकटात दुरुस्त करून घ्यायची, पण मग तिची ओढ कमी होणार. दुसरा, ती कंपनीला देऊन टाकायची आणि सवलतीत नवी पेट्रोलची घ्यायची.

"आबा, नीट ऐका हं," मधुरिमा म्हणाली. तिचे आजोबा प्रतापराव, वीज मंडळातून रिटायर झालेले, खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. "समजा गाडीच्या धुराची टेस्ट चाललीये. चाकं फिरतायत, पण स्टिअरिंग हलत नाहीये. गाडीतल्या कॉम्प्युटरला बरोबर कळतं, की बेटा, आपल्यावर कुणाची नजर आहे. झालं! लगेच शहाण्या बाळासारखी वागते, धूर एकदम साफ. आणि रस्त्यावर आली, की जैसे थे. कितीतरी पट जास्त विष!"

"म्हणजे दाखवायची वेगळी आणि वागायची वेगळी," आबा म्हणाले.

"करेक्ट! आणि आपली गल्ली केवढी? हात पसरला तर समोरच्याच्या खिडकीला लागतो. तो धूर जाणार कुठे? सगळ्यांच्या घरात!"

"सात वर्षं?"

"सात वर्षं, आबा." हे वाक्य तिनं थोडं थांबून म्हटलं. स्पर्धेत अशाच जागी टाळ्या पडल्या होत्या.

इथे टाळ्या पडल्या नाहीत. आबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या गाडीकडे. पप्पा, म्हणजे संजीव, मोठ्या भांडणाच्या तयारीनं बसले होते. आबा गाडी सोडणार म्हणजे घरात चार दिवस अबोला, हे धरूनच चालले होते. पण आबा एवढंच म्हणाले, "ठीक आहे. देऊन टाका."

आईनं मधुरिमाकडे पाहिलं. त्या नजरेत शाबासकी होती, आणि ती टाळायला मधुरिमानं शेवेची ताटली पुढे ओढली.

कारण धूर हे कारणच नव्हतं.

खरं कारण असं होतं. महिन्यापूर्वी आबा तिला घेऊन शहराबाहेर महूला गेले होते, त्यांच्या शाम नावाच्या जुन्या मित्राकडे. महूचा तो रस्ता दोघांचा खास होता. याच गाडीत, काचा बंद करून, आबांनी तिला बोलायला शिकवलं होतं. ते गाडी चालवायचे, ती शेजारी बसून भाषण म्हणायची, आणि मध्येच आबा ओरडायचे, "मागच्या ट्रकवाल्याला ऐकू गेलं नाही!" हसत हसत तिचा घसा मोकळा झाला तो तिथेच. त्या दिवशी परतताना संध्याकाळ झाली होती. रस्ता ओलांडणारा एक सायकलवाला आबांना दिसलाच नाही. मधुरिमा किंचाळली, ब्रेक लागला, सायकलवाला वाचला आणि शिव्या घालत निघून गेला. आबांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "घरी नको बोलूस हं."

ती "बरं" म्हणाली. आणि घरी गेल्या गेल्या स्वयंपाकघरात आईला सगळं सांगून बसली.

आई हादरली, पप्पा हादरले, पण आबांशी बोलणार कोण? डोळ्यांचा विषय काढला की ते म्हणायचे, मी अजून सुईत दोरा ओवतो. तेवढ्यात कंपनीचा मेसेज आला, जणू देवच पावला. नवी गाडी ऑटोमॅटिक घ्यायची, मोठ्या स्क्रीनवाली. आबांना ती आपोआपच परकी वाटेल, किल्ली आपोआपच पप्पांकडे राहील. "तुझं ऐकतात ते," आई म्हणाली होती. "धुराचंच बोल. डोळ्यांचं काही काढू नको, त्यांना लागेल." मधुरिमानं मान डोलावली होती. आणि नव्या गाडीला सनरूफ आहे हे कळल्यावर तर मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. आता तिला तेही आठवलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर आबा इस्त्रीचा सदरा घालून दारात तयार.

"चल माझ्याबरोबर. टेक्निकल तू सांग, माफी मी मागतो."

"कसली माफी?"

"धुराची. सात वर्षं लोकांच्या घरात विष सोडलं, आणि आता नव्या गाडीत बसून त्यांच्यासमोरून जायचं? आपल्यात असं नाही करत."

मधुरिमानं होमवर्कचा बहाणा केला, पोटदुखीचाही विचार करून पाहिला. आबा पायरी उतरलेसुद्धा.

पहिलं घर शरदचंद्रजींचं. बँकेतून रिटायर झालेला हा माणूस दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. आबांनी हात जोडले तसा तो दचकून उभाच राहिला.

"क्या भिया प्रतापराव, निवडणुकीला उभे राहताय काय?"

आबांनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं. मधुरिमानं खालमानेनं कॉम्प्युटरची लबाडी समजावली, स्टिअरिंग, चाकं, सगळं.

"अहो, मी तीस वर्षं बिडी ओढली," शरदचंद्रजी म्हणाले. "माझी फुप्फुसं तुमच्या गाडीला काय घाबरतात! माफी-बिफी सोडा, नवी गाडी येतेय ना? पार्टी तो बनती है."

आबा हसले नाहीत. "तुम्ही मोठ्या मनाचे आहात," म्हणाले आणि पुढे निघाले.

दुसरं घर अनुश्रीचं. ती गल्लीत नवीनच होती, तळमजल्यावर भाड्यानं राहायची, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. दार उघडलं तेव्हा बाळ खोकत होतं. छोटासाच खोकला, पण आबा उंबऱ्यातच थबकले.

"कधीपासून आहे?"

"होतं हो काका, सर्दी आहे नुसती. उतरतेय आता."

"मी सकाळी गाडी गरम करत उभी ठेवतो ना," आबा म्हणाले, "ती इथं. तुमच्या या खिडकीखाली." त्यांनी त्या पोरीपुढे, तिच्या बाळापुढे, हात जोडले आणि मान खाली घातली. नेहमी ताठ असणारी ती मान. "मला ठाऊक नव्हतं, बेटा. पण धूर तर मीच सोडला."

"काका, अहो हे काय करताय! नका ना." अनुश्रीला कुठे बघावं कळेना. तिनं मधुरिमाकडे पाहिलं. आता तिनं टेक्निकल सांगायचं होतं. सांगायचं होतं की चूक कंपनीची आहे, की एका गाडीनं असं काही होत नाही, की बाळाला साधी सर्दी आहे. शाळेच्या स्टेजवर तिनं याहून अवघड मुद्दे लीलया मांडले होते. इथे तिला दिसत होती फक्त आबांची टाळू, तिच्यावरचे विरळ पांढरे केस. नजर असली की एक, नसली की दुसरं. गाडीचं काय घेऊन बसलो, तिला वाटलं, मी तर तिच्याहून हुशार निघाले.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "आता कोपऱ्यावर निशांतकडे."

"आबा, थांबा."

"दमलीस?"

"गाडी धुरामुळे नाही बदलत आहोत आपण."

आबा थांबले. शेजारीच गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर हात टेकून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे जरा बारीक करून, आणि ते बारीक केलेले डोळेही तिला आत्ताच पहिल्यांदा नीट दिसले.

"तो सायकलवाला," ती म्हणाली. "मी आईला सांगितलं. त्याच दिवशी. मग सगळ्यांनी ठरवलं की तुम्ही गाडी चालवायची नाही, पण तुम्हाला तसं बोलायचं नाही. धुराचं बोलायचं. म्हणून मी धुराचं बोलली. मतलब, ते खरंच आहे सगळं, मी खोटं एकही वाक्य नाही बोलली, पण..."

गल्लीतून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली. दोघंही भिंतीकडे सरकली.

"घाबरली होतीस त्या दिवशी?" आबांनी विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप. अजून पण तुमच्याबरोबर बसली की भीती वाटते." हे बोलून झाल्यावर तिला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, घरी नको बोलूस."

"घरी नको म्हटलं होतं. मला सांगू नको असं म्हटलं होतं का?"

मधुरिमाला रडू फुटलं. आबांनी रुमाल पुढे केला नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. एरवी त्यांनी दोन्ही केलं असतं. ते बॉनेटवरून हात काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"धूर खरा आहे ना?"

"हो, पण आबा..."

"मग निशांतची माफी बाकी आहे. तू जा घरी."

आणि ते एकटेच गेले. कोपऱ्यापर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली. पाय ते जरा चाचपून टाकत होते, हे गल्लीतल्या कुणाच्या लक्षात आलं नसेल, तिच्याही कधी आलं नव्हतं.

जेवायला बसल्यावर आबांनी किल्ली पप्पांच्या ताटाजवळ ठेवली.

"गाडी बदलायची नाही, संजीव. कंपनीत टाक, आतली लबाडी काढून आण. नंतर तूच चालव. मी चालवणार नाही."

"पण आबा, मग पिकअप राहणार नाही तिला..."

"तुला कुठे शर्यत लावायचीये? ती बिचारी दुरुस्त होतेय. होत असेल तर करावं."

आईचा वाढता हात तसाच राहिला. तिनं मधुरिमाकडे पाहिलं, सांगितलंस तू? मधुरिमानं ताटात बघत मान डोलावली. "आबासाहेब, आमचं चुकलं," आई म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"विनीता, वरण वाढ," आबा म्हणाले. रागावून नाही, पण त्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

त्यानंतर ते मधुरिमाशी बोलेनासे झाले असं नाही. चहा घेतलास का, छत्री घे, पंखा बंद कर, असं बोलायचे. ती शाळेतून आली की काय झालं आज, हे मात्र विचारायचे नाहीत. तिनं मैत्रिणींना सनरूफ कॅन्सल म्हणून सांगितलं; त्या हसल्या, तीही हसली, आणि घरी येऊन स्वतःचाच राग राग करत बसली. सांगितलं नसतं तर आबा लोकांपुढे वाकत फिरले असते. सांगितलं तर हे असं. आणि मुळात आईला सांगितलं नसतं, तर कदाचित कुणाचा तरी जीव गेला असता. कुठूनही हिशेब केला तरी ती सुटत नव्हती.

बुधवारी गाडी कंपनीतच होती. दर बुधवारी आबा खजरान्याला जायचे, गणपतीला, काहीही झालं तरी. पप्पा म्हणाले, रिक्षा बोलावतो. आबा म्हणाले, सिटी बसनं जाईन. मधुरिमा चपला घालून दारात उभी राहिली. "मी येऊ?"

"तुझी मर्जी."

बसस्टॉपवर दोघं शेजारी उभी राहिली, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लांबून एक बस येताना दिसली. आबा दोन पावलं पुढे गेले, डोळ्यांवर हात धरला, आणि तसेच राहिले. बस जवळ आली. जास्त जवळ आली. त्यांनी मान वळवली.

"काय लिहिलंय ग पाटीवर? मला दिसत नाहीये."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं. तिला फार वाटलं की ती बस आपलीच असावी. त्यांना लगेच बसायला मिळावं, ऊन लागू नये, काहीतरी तरी आज तिच्या हातून त्यांच्या मनासारखं व्हावं.

"आपली नाहीये, आबा," ती म्हणाली.

"नीट बघितलंस?"

"हो. नाहीये."

बस त्यांच्यासमोर थांबली, माणसं उतरली, चढली आणि ती निघून गेली. आबा मागे येऊन पुन्हा तिच्याजवळ उभे राहिले.

"मग पुढची बघ," ते म्हणाले.

ती बघत राहिली.