आतल्या बाईंची मुलाखत

अकरा वर्षं ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, पण एकाही गिऱ्हाइकानं तिचं तोंड धड पाहिलं नव्हतं. पुढे काउंटरवर मालक बसायचे. बोलण्यात इतके पटाईत, की नुसता स्क्रू आवळून घ्यायला आलेला माणूस हसत हसत नवी फ्रेम घेऊन जायचा. आणि मागे, पडद्याआड, काचा घासायच्या यंत्रापाशी ती. काच घासून फ्रेमच्या मापात आणायची, खाचेत बसवायची, मऊ फडक्यानं पुसून डबीत ठेवायची. काही बिनसलं की मालक म्हणायचे, "थांबा, आतल्या बाईंना दाखवतो." दुकानात तिला एवढंच नाव होतं, आणि तिला ते पुरत होतं. यंत्र उलट प्रश्न विचारत नाही.

मग मालकांचे गुडघे कुरकुरू लागले, लेकीनं त्यांना आपल्याकडे बोलावून घेतलं आणि दुकानाला कुलूप लागलं. ती घरी बसली. महिनाभरात घरातलं एकूण एक कपाट आवरून झालं, एकूण एक सैल बटण शिवून झालं, आणि एका सकाळी सासूबाईंनी तिला दाराच्या बिजागऱ्या पुसताना पकडलं.

त्याच आठवड्यात नवऱ्यानं बातमी आणली. तो बेकरीची गाडी चालवायचा, मोठ्या इस्पितळाच्या कँटीनला रोज पाव पोहोचवायचा.

"अगं, डोळ्यांच्या विभागात चष्मे बसवणारं माणूस हवंय. नोटीस लागलीय. फोटो काढून आणलाय बघ."

फोटोत अर्धा त्याचा अंगठाच होता, पण मजकूर वाचता येत होता. तिनं वाचला. काम तिचंच होतं, अगदी हातातलं. शेवटच्या ओळीवर मात्र ती अडखळली. 'रुग्णांशी बोलून त्यांची अडचण समजून घेण्याची हातोटी आवश्यक.'

तिनं फोन परत दिला. "हे आपल्याला नाही जमायचं."

सासूबाई खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होत्या. तीस वर्षं शाळेत काढलेली बाई, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. अख्खी इमारत त्यांना हेडबाई म्हणायची. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"'नाही जमायचं' हे वाक्य मी पहिलीतल्या पोरांनाही म्हणू दिलं नाही. अर्ज लिही."

अर्ज गेला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा हातात अकरा दिवस होते.

हेडबाईंनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलाखत मांडली. स्वतः टेबलाच्या पलीकडे वही-पेन घेऊन बसल्या. "बाहेर जा. दार वाजव. मग आत ये."

"आई, स्वयंपाकघराला दार नाहीये."

"मग चौकट वाजव."

तिनं चौकट वाजवली. आत आली. बसली.

"स्वतःबद्दल सांगा."

"मी... चष्मे करते."

"पुढे?"

"पुढे काही नाही. होतात ते."

नवऱ्याला हसू आवरेना. हेडबाईंनी त्याला वर्गाबाहेर काढलं, म्हणजे गॅलरीत उभं केलं.

पुढचे दोन दिवस तिनं घोकंपट्टी केली. हेडबाईंनी पंधरा प्रश्न काढून दिले, पंधरा उत्तरं लिहून दिली. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना ती पुटपुटत राहिली. तिसऱ्या संध्याकाळी तिनं पंधराच्या पंधरा उत्तरं न चुकता म्हणून दाखवली. नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनी मात्र वही मिटली.

"पाठांतर उत्तम. पण मी असते तर घेतलं नसतं."

तिचं तोंड एवढंसं झालं.

"रागावू नकोस. दोष माझा आहे. मी तुझा पोपट केला. पोपटाला पेरू मिळतो, नोकरी नाही. तुला उत्तरं येत नाहीत असं नाही गं. तुला माणसांची सवय नाही. आणि ती काही स्वयंपाकघरात बसून लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन आली, तर तळमजल्यावरच्या टपालपेट्यांखाली एक कागद चिकटवलेला. अक्षर ओळखीचं, वळणदार. 'चष्म्यांची किरकोळ दुरुस्ती, तिसरा मजला, रोज संध्याकाळी पाच ते सात. अट एकच. नुसता चष्मा पाठवू नये, चष्म्यासोबत माणूसही यावं.'

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. "आई, मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

हे खरंच होतं, त्यामुळे पुढे भांडता येईना.

पहिल्या संध्याकाळी दोघंच आले. त्यातले एक तळमजल्यावरचे घड्याळवाले. त्यांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली होती. ती बघतच राहिली. "काका, तुम्ही एवढी बारीक घड्याळं उघडता, आणि हा एक स्क्रू?"

"अहो, घड्याळ उघडायला मी चष्मा घालतो. चष्मा उघडायला काय घालू?"

ती हसली. अनोळखी माणसासमोर आपण हसलो, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत बातमी शेजारच्या इमारतीत पोहोचली. घरात जागा पुरेना, म्हणून तिनं आपली हत्यारांची डबी आणि स्टूल जिन्याच्या वळणावर मांडलं. लोक पायऱ्यांवर बसू लागले. कुणाची फ्रेम कानामागे टोचायची, कुणाची नाकावरून घसरायची. एक शिंपी म्हणे, मी खाली वाकलो की चष्मा माझ्या आधी कापडावर जातो. पहिले दोन दिवस ती बहुतेक हातच चालवत होती. पण माणूस समोर बसला की बोलतोच, आणि तो बोलला की आपल्यालाही काहीतरी विचारावं लागतं. दिवसभर काय करता? मान कशी ठेवता? कधी त्रास होतो, सकाळी की संध्याकाळी?

पाचव्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई आल्या. त्या जिना उतरत होत्या तेव्हाच तिचं लक्ष गेलं. एक हात भिंतीला, पाय चाचपडत. चष्मा तिनं हातात घेऊन बघितला, तर निर्दोष. वर लांबचं, खाली वाचायचा तुकडा, सगळं जागच्या जागी.

"वाचायला झकास आहे गं," नर्सबाई म्हणाल्या, "पण उतरताना पायरी पुसट होते. पाण्याखाली असावी तशी."

"परत एकदा उतरून दाखवता?"

नर्सबाई चार पायऱ्या चढल्या आणि उतरल्या. ती खालच्या पायरीवर बसून त्यांच्या डोळ्यांकडे बघत होती. पायरी बघायला त्या नजर खाली टाकत, आणि नजर नेमकी वाचायच्या तुकड्यातून जाई. पुस्तकासाठी केलेल्या काचेतून त्या जिना बघत होत्या! असे शेकडो तुकडे तिनं मापाबरहुकूम बसवले होते. माप कधी चुकलं नव्हतं. पण ते घालून माणूस जिना कसा उतरतो, हे अकरा वर्षांत तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. तिला जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी आतून फार बरंही वाटलं.

त्या संध्याकाळी नर्सबाईंशी ती अर्धा तास बोलत होती. हेडबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एकही सूचना केली नाही.

मुलाखतीच्या सकाळी नवऱ्यानं तिला पावाच्या गाडीतूनच सोडलं. अंगाला ताज्या पावाचा वास घेऊन ती इस्पितळाच्या लांब बोळातल्या बाकावर जाऊन बसली. तिच्याआधी चौघं होते. एकाच्या मांडीवर उशीएवढी जाड फाइल होती. तिच्याकडे पातळ पिशवीत दोन कागद आणि मालकांनी लिहून दिलेलं पत्र. एकेक जण आत जाऊन बाहेर येत होता.

आत तिघं होते. मधोमध डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, उजवीकडे कार्यालयातले साहेब, आणि डावीकडे कोपऱ्यात एक सडपातळ म्हातारे तंत्रज्ञ, ज्यांच्या जागेवर माणूस घ्यायचं होतं ते.

"स्वतःबद्दल सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी एक कष्टाळू, प्रामाणिक आणि..." पुढचा शब्द आलाच नाही. पंधराच्या पंधरा उत्तरं एकदम पसार झाली.

"माफ करा," ती म्हणाली. "हे पाठ केलेलं होतं. विसरले. साधंच सांगते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सांगा."

तिनं सांगितलं. दुकान, यंत्र, कुठली काच कशी तडकते, कुठली फ्रेम उन्हात सैल होते. बोलता बोलता हात आपोआप हलू लागले.

साहेब कागद बघत म्हणाले, "अकरा वर्षं मागच्या खोलीत. म्हणजे लोकांशी संबंध किती आला?"

"दुकानात काहीच नाही, सर. पण गेल्या आठ दिवसांत एक्केचाळीस जणांशी."

"कुठे?"

"जिन्यात."

साहेबांनी मान वर केली. डॉक्टरीणबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. तिनं जिन्याची हकीकत थोडक्यात सांगितली. सासूबाईंचं नाव घेताना जरा चाचरली, पण घेतलं.

तेव्हा कोपऱ्यातले म्हातारे पहिल्यांदा बोलले. त्यांनी खिशातून एक चष्मा काढून तिच्यापुढे ठेवला. "हा चष्मा तीनदा परत आलाय. माणूस म्हणतो, घालवत नाही. काय करशील?"

तिनं चष्मा उचलला. उजेडात धरला, काचांवरून नजर फिरवली, दांड्या टेबलावर टेकवून बघितल्या. दोन नंबरांचा चष्मा, काम स्वच्छ. कुणीतरी मन लावून केलेलं.

"चष्म्यात दोष दिसत नाही."

"मग?"

"माणूस बघायला हवा."

"चष्मा इथे आहे की."

"सर, तो टेबलावर आहे. नाकावर कसा बसतो ते मला कसं कळणार?"

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे एकटक पाहिलं. मग उठले, मागचं दार उघडलं आणि हाक मारली. आत एक दांडगा, वैतागलेला माणूस आला. पँटवर चुन्याचे आणि रंगाचे शिंतोडे. "बोलावलंत एकदाचं?" तो म्हणाला. "सकाळपासून बसवून ठेवलंय मला!"

आठवड्यापूर्वीची ती असती तर तिची बोबडी वळली असती. आता तिनं खुर्ची ओढून दिली.

"बसा दादा. पाच मिनिटं, जास्त नाही. रंगाचं काम करता?"

"वीस वर्षं."

"म्हणजे शिडीवर."

"शिडीवरच तर सगळा घोळ आहे! चढतो नीट. उतरायला खाली बघितलं, की खालची पायरी पळते."

ती चटकन खुर्चीवरून उठली आणि त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवी बसली. साहेब दचकले. "आता माझ्या हाताकडे बघा. मान नका हलवू. हं. आता शिडी उतरताना बघता तसं." तिला जे बघायचं होतं ते दिसलं. मापानं बरोबर, पण टेबलाशी बसून लिहिणाऱ्या माणसासाठी बरोबर. तिनं पिशवीतून छोटा चिमटा काढला, नाकावर टेकणारे दोन्ही पॅड किंचित फाकवले, चष्मा परत चढवला. फ्रेम जेमतेम दोन मिलिमीटर खाली आली. "आता बघा."

रंगाऱ्यानं जमिनीकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

"आयला," तो म्हणाला, आणि डॉक्टरीणबाई दिसताच त्यानं जीभ चावली.

"हा तात्पुरता इलाज आहे," ती उभी राहत म्हणाली. "काच नवी करावी लागेल, वाचायचा तुकडा आणखी खाली घेऊन. आणि दादा, शिडीवर वाचायचं काही नसतं, तर कामासाठी नुसता लांबचा एक वेगळा चष्मा ठेवा. तो सगळ्यात बरा."

"तुझ्याआधी चौघांनी नुसते नंबर तपासले," म्हातारे शांतपणे म्हणाले. "दोघांनी यंत्राला दोष दिला."

साहेबांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, "आम्ही कळवू."

ती घरी आली आणि चार दिवस कुणीच कळवलं नाही. नवरा रोज कँटीनमध्ये कान टवकारून यायचा आणि रिकाम्या हातानं परतायचा. हेडबाई वरवर निश्चिंत होत्या, पण फोन वाजला की सगळ्यात आधी त्याच उठायच्या. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनीच तो उचलला, "हो, आहे, देते," म्हणाल्या आणि फोनवर हात ठेवून कुजबुजल्या, "सरळ उभी राहा."

ती सरळ उभी राहिली. ऐकलं, "हो सर, सोमवारी येते," म्हणाली, फोन ठेवला आणि मटकन बसली. हेडबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शाळेत कुणाला त्यांनी असं केल्याचं ऐकिवात नव्हतं. मग डोळे पुसायला त्या उगाचच आत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "चहा टाकते. साखर जास्त घालू आज?"

सोमवारी म्हाताऱ्यांनी तिला खोली दाखवली. मोठी खिडकी, खिडकीखाली कामाचं टेबल, आणि टेबलासमोर बाहेरच्यांसाठी दोन खुर्च्या. पडदा नव्हता. निवृत्तीला त्यांचा एक महिना उरला होता.

"हा खण अडकतो, उचलून ओढायचा," ते म्हणाले. "दुपारी ऊन इथवर येतं, तेव्हा टेबल जरा तिकडे सरकवायचं. मी कधी सरकवलं नाही, नुसता कुरकुरत राहिलो. तू सरकव."

दोघांनी मिळून टेबल उचललं आणि हातभर बाजूला ठेवलं. तिनं खुर्चीची उंची आपल्या बेतानं खाली घेतली, चिमटे आणि पेचकस ओळीनं मांडले. बाहेर बाकावर सात-आठ जण बसले होते.

ती दारापर्यंत गेली. "पहिलं कोण आहे?" तिनं विचारलं. "या ना, आत या."