बरगडीखाली चार बोटं

गारठाच्या डॉक्टर होण्याला एकाच माणसाचं पोट आडवं आलं होतं. पोट तरी कसं! आठ वर्षं हजारभर पोरांनी दाबून दाबून तिथले केस उगवायचेच बंद झाले होते. खोटं वाटत असेल तर वॉर्डातल्या खाटांना विचारा.

पोटाचे मालक टेलरमामा, दुकान मुलावर सोपवून बसलेले शिंपी. डाव्या बरगडीखाली त्यांची प्लीहा सुजून चार बोटं खाली आली होती. अशी हाताला लागणारी प्लीहा म्हणजे मेडिकल कॉलेजची दौलत! दर परीक्षेला मामांना मानाने बोलावून निजवायचं आणि ती किती बोटं खाली आलीय, हे पोरांनी चाचपून सांगायचं. पोरगं मनात भरलं तर मामा छताकडे बघत हळूच चार बोटं हलवायचे.

गारठा मात्र कधीच मनात भरली नाही. पहिलं वर्ष तिने हाडं पाठ करण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी कोरा स्टेथो गळ्यात अडकवून वॉर्डात आली, न विचारता मामांचा सदरा वर केला, बर्फासारखे हात पोटावर टेकवले आणि मैत्रिणींना म्हणाली, "या गं, ही केस मस्त आहे."

"केस?" मामा ताडकन उठून बसले. "चाळीस वर्षं मापं घेतली मी. टेप लावायच्या आधी 'घेऊ का' विचारायचो. आणि हे काय, हात आहेत की गारठा?"

नाव पडलं ते पडलंच.

शेवटच्या परीक्षेला नेमके मामाच वाट्याला आले. "मामा, किती हो?" तिने हळूच विचारलं.

"दोन," मामा गोड हसले. तिने दोन सांगितली. नापास!

सहा महिन्यांनी पुन्हा तेच पोट. "झालं गेलं विसर पोरी. आठ आहेत." तिने आठ सांगितली. परीक्षा घेणारे मोठे सर म्हणाले, "आठ? मग काही दिवसांनी गुडघ्यात सापडेल." पुन्हा नापास.

बरोबरीची पोरं एव्हाना इंटर्न होऊन रुबाबात फिरत होती. वडिलांनी बजावलं, "आता आपटलीस तर काकाच्या औषधाच्या दुकानात बस. तिथे फक्त चिठ्ठी वाचता आली म्हणजे झालं."

तिसऱ्यांदा ती हात चोळतच खाटेपाशी आली.

"आलीस? वाटलंच, हवा गार झाली."

"मामा, घेऊ का माप?" ती दात आवळून म्हणाली.

"घे. चार आहेत. शपथ घेऊन सांगतो."

या माणसावर विश्वास ठेवला तरी खड्डा, नाही ठेवला तरी खड्डा. तिने कानच बंद केले. हात पार खाली, ओटीपोटापाशी ठेवला. "श्वास घ्या." मग थोडा वर. "घ्या." कडा बोटाला टेकली. तिथून बरगडीपर्यंत तिने बोटं मोजली. सहा. पुन्हा मोजली. सहाच.

मोठे सर केसपेपर काखेत मारून आले. "किती?"

"सहा."

"कागदावर चार आहे."

"मी कागद दाबला नाही सर, पोट दाबलं."

"दोनदा आपटूनही जीभ आहे तशीच! ही प्लीहा मी तू शाळेत होतीस तेव्हापासून ओळखतो."

"शेवटचा हात कधी लावला होतात, सर?"

सरांनी रागारागाने हात लावला. मग राग गेला, हात तिथेच राहिला. दुसऱ्या परीक्षकांना बोलावलं. त्यांनीही चाचपलं. सरांनी कागदावरचा चार खोडून सहा लिहिला आणि तिच्या नावापुढे मार्कांचा आकडा इतक्या जोरात लिहिला की पेनाचं टोक खाली गादीत रुतलं. "जा. पास आहेस," ते ओकल्यासारखं म्हणाले.

ते गेल्यावर मामा फणकारले, "चारच होती! या खेपेला मुद्दाम खरं सांगितलं, म्हणजे तू उलटं बोलशील. पास व्हायला माझी दोन बोटं वाढवलीस, सटवे!"

तिने त्यांचा सदरा खाली ओढला आणि कडेची शिवण चिमटीत धरली. "सदरा दोनदा आत घेतलाय तुम्ही. दोरा ताजा आहे. अंगाचं माप उतरतंय, हे टेलरला कळलं नाही होय?"

मामांनी शिवण तिच्या चिमटीतून ओढून घेतली. मग म्हणाले, "घरी कोणाला सांगितलंस तर याद राख."

"सरांनी लिहिलंय कागदावर. आता परीक्षेला नाही, दाखल व्हायला यायचं. निकाल लागला की मी याच वॉर्डात. रोज सकाळी रक्त मीच काढणार."

"मग निदान हात गरम करून येत जा."

"नाही येणार," गारठा म्हणाली आणि त्यांच्या अंगावर चादर फेकली.