एक्केचाळीस नंबरची बाई

डॉ. आभा रिसबुडांच्या नावावर मधुमेह आणि संप्रेरकांवरचे एकशे बारा शोधनिबंध होते. सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या संस्थेत संचालकपदाच्या अर्जासाठी त्यातले उत्तम पाच निवडायचे होते. चार झटक्यात ठरले. पाचवा कुठला, हे अख्खी संस्था झोपेतही सांगू शकली असती, पण आभाच्या हातून तेवढी एक ओळ टाइप होईना.

संध्याकाळच्या इन्सुलिनची नवी पद्धत मांडणारा तो निबंध. साठ बायका तपासल्या आणि एकीचीही साखर धोक्याइतकी घसरली नाही, असं ठणकावून सांगणारा. अकरा वर्षं जगभरचे लोक त्याचा आधार घेत होते. कुणी घेतला की मेल यायचा, नवरा अजेय पेढे मागायचा, आणि आभाला समोरच्या खुर्चीत शेफाली कर्मकार दिसायची. एक्केचाळीस नंबरची बाई. हावड्याची, शिवणकाम करणारी, मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरून नुसती बघत बसणारी. भरदुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात कुठलं भूत येतं? पण आभाला तिची भीती वाटायची, हे खरं.

शेफाली तिसऱ्या महिन्यात यायची बंद झाली होती. असं कुणी गळलं की दोनदा फोन करायचा आणि तरी पत्ता लागला नाही तर घरी जाऊन बघायचं, असा नियम. फोन दोन्ही वेळा कुणी उचलला नाही. निबंध पाठवायची मुदत शुक्रवारी संपत होती आणि हावडा पडलं नदीपलीकडे. आभाने रकान्यात लिहून टाकलं, 'घरी गेले, कुलूप होतं.' शेफाली काही न झालेल्यांतच मोजली गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आता अर्जाखाली 'वरील मजकूर खरा आहे' म्हणून सही हवी होती. मंगळवारी सकाळी आभा उठली आणि बाबूघाटावरून बोटीत बसली. कुलूप असू दे रे देवा, असं ती वाटभर म्हणत होती.

दार उघडं होतं. शेफालीची मुलगी टुंपा मशीनवर बसली होती. आईच्या डॉक्टर आल्या म्हटल्यावर ती उठून पाया पडली.

"आईला जाऊन अकरा वर्षं झाली, दीदी. नीलषष्ठीचा उपास होता, माझ्यासाठी धरलेला. संध्याकाळी महादेवापुढे दिवा लावला, फळाच्या दोन फोडी खाल्ल्या आणि सुई घेतली. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणाली, दीदींनी बजावलंय, डोस चुकवायचा नाही. सकाळी बघितलं तर अंगावरची साडी घामाने भिजलेली आणि अंग गार."

आभाची स्वतःची आई चतुर्थ्या धरायची, तरी साठजणींपैकी एकीलाही 'उपास करता का' असं विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

टुंपाने बिनसाखरेचा चहा आणला आणि हसली. "मलाही झालीय साखर. हीच संध्याकाळची सुई. उद्या नीलषष्ठी, लेकासाठी उपास आहे. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, घे बिनधास्त, मोठा निबंध आहे यावर, कुणाला काहीही झालेलं नाही."

'उद्याच्या दिवस सुई घेऊ नकोस, डॉक्टरांना विचारून घे,' एवढं म्हटलं की भागत होतं. पोरगी वाचली असती, संचालकपदही वाचलं असतं. आभाने तेवढंच बोलायला तोंड उघडलं. टुंपा आईसारखीच एकटक बघत होती. अशा आणखी किती घरांत उद्या उपास असेल, असं आभाच्या मनात आलं.

"उद्या घेऊ नकोस," ती म्हणाली. "तो निबंध खोटा आहे, टुंपा. मीच लिहिलाय. आजच मासिकाला तसं कळवते."

टुंपाने कप खाली ठेवला. "म्हणजे आई..."

"हो."

गल्लीतून एक रिक्षा वाजत गेली.

"आम्ही वाट बघितली होती तुमची," ती म्हणाली. "वडील म्हणायचे, कुलूप लावून कुठे जाऊ नका, दीदी विचारायला येतील."